क्लासिक ३५० चा हेडलाइट वाढवायचाय: बल्ब, रिले की अख्खा एलईडी?

गोदाकाठ (परभणी)
गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, २०१६ ची, कार्ब्युरेटरवाली. हेडलाइट कंपनीचाच, सात इंची गोल, काच शाबूत, बल्ब एच४ (हाय आणि लो एकाच बल्बात), ६०/५५ वॉट. मांजरसुंबा-केज-अंबाजोगाई हा नेहमीचा रस्ता, त्यातला बराचसा अंधारात. लो बीमवर पिवळट उजेड पडतो आणि आयडलला तर गाडी पेंगल्यासारखी वाटते. हंगाम सुरू झाला की बिनलाइटच्या ऊसगाड्या ऐन वेळी दिसतात.

पर्याय चार दिसतायत: १००/९० चा बल्ब, एलईडीचा एच४ बल्ब, सात इंची पूर्ण एलईडी युनिट किंवा क्रॅशगार्डला दोन फॉग लाइट. गाडीचा जुना चेहरा जाऊ नये ही अट. खर्च तीन हजारांच्या आत. काय करावं आणि कोणत्या क्रमानं?

कडबाकुट्टी
दिवसा जात जा भाऊ. खर्च शून्य, चेहरा जशाला तसा.

मोंढा_नाका
१००/९० टाका आणि विषय संपवा. आमच्याकडं निम्म्या बुलेटला तोच आहे. दहा मिनिटांचं काम.

वायरमन_ताई (लातूर)
गोदाकाठ दादा, चारपैकी काहीही विकत घेण्याआधी मल्टीमीटर लावा. आठ वर्षांच्या गाडीत बल्ब बहुतेक वेळा निर्दोष असतो, त्याच्यापर्यंत व्होल्टेजच पोचत नसतं.

असं मोजा. गाडी चालू, रेस साधारण २००० आरपीएमवर धरलेली, लो बीम चालू.
पहिलं रीडिंग बॅटरीच्या दोन टर्मिनलवर. १३.५ ते १४.३ च्या मध्ये हवं. १३ च्या खाली असेल तर बॅटरी किंवा चार्जिंग बघा, १४.८ च्या वर असेल तर रेग्युलेटर बदला. दोन्ही वेळेला हेडलाइटचा नाद नंतर.
दुसरं रीडिंग बल्बच्या सॉकेटवर, बल्ब लावलेला आणि पेटलेला असताना, सॉकेटच्या मागून पिना आत खोचून. बल्ब काढून मोजलं तर करंट वाहत नाही, मग खराब वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि तुम्ही फसता.
दोन्हीतला फरक म्हणजे वाटेत खाल्लेलं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एकच्या वर गेलं तर उपचार हवा.

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. म्हणजे व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड १० नाही, ३० टक्के जातो. रंगही पिवळा पडतो. तुमचं वर्णन अगदी तेच आहे.

आणखी एक खूण. लो बीमवर असताना मीटरमधला हाय बीमचा निळा दिवा मंद पेटतो का? पेटत असेल तर अर्थची वायर गेली आहे. परतीचा रस्ता मिळत नाही म्हणून करंट दुसऱ्या फिलामेंटमधून निळ्या दिव्याकडं वाट काढतो.

लोखंडी_मामा (जालना)
ताईंनी नीट सांगितलं. मी मोंढा_नाक्याच्या १००/९० वर बोलतो.

५५ वॉटला १२ व्होल्टवर ४.६ अँपिअर लागतात, ९० वॉटला ७.५. करंट दीडपट झाला तरी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणं वाढते. म्हणजे डिपर स्विचच्या कॉन्टॅक्टवर, कपलरच्या पिनांवर आणि सॉकेटवर अडीच पटीहून जास्त ताप. पहिलं काय जातं? सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी होतं, मग पीन सैल होते, सैल पीन अजून तापते. शेवटी हँडलवरचा स्विच अडकतो, तो अख्खा असेंब्लीच घ्यावा लागतो. शिवाय जास्त करंटमुळं वायरीत व्होल्टेज अजून पडतं, म्हणून ९० वॉटचे पैसे देऊन ९० वॉटचा उजेड मिळतच नाही. वर रिफ्लेक्टरचा मुलामा बल्बच्या माथ्यावर करपतो, तो परत येत नाही.

कायद्यातला एच४ हा ६०/५५ चाच. १००/९० च्या डब्यावर बारीक अक्षरात ऑफ-रोड लिहिलेलं असतं ते वाचा.

मोंढा_नाका
मामा, रिले टाकून १००/९० लावलं तर स्विच नुसता इशारा देतो, बल्बचा करंट बॅटरीतून वेगळ्या वायरीनं येतो, स्विचवर ताण येत नाही. मग?

लोखंडी_मामा (जालना)
स्विच वाचेल. रिफ्लेक्टर आणि समोरच्याचे डोळे वाचणार नाहीत. रिले टाकलाच आहे तर ६०/५५ ला पूर्ण व्होल्टेज दे, काम होतं.

एलईडी_लव्हर
एवढा खटाटोप कशाला? एलईडीचा एच४ बल्ब घ्या. त्यात करंट सांभाळणारं स्वतःचं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर असतो, ९ ते ३० व्होल्टपर्यंत काहीही द्या, उजेड तेवढाच. व्होल्टेज ड्रॉपचा मुद्दाच संपला. करंट निम्मा, स्विच थंड, बॅटरी खूश. डब्यावर ९००० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) लिहिलंय, हॅलोजनचे हजार पण नाहीत.

वायरमन_ताई (लातूर)
ड्रायव्हरचं म्हणणं बरोबर, तिथं तुम्हाला पूर्ण गुण. ल्युमेनचं मात्र नाही. एच४ हॅलोजनचा मानक आकडा १३.२ व्होल्टवर लोला १००० आणि हायला १६५० ल्युमेन. मुठीएवढ्या पंख्याच्या बल्बातून खरे ९००० ल्युमेन काढायचे तर ७०-८० वॉट उष्णता बाहेर टाकावी लागेल. तो आकडा चिप्सच्या कागदावरच्या क्षमतेची बेरीज असते, तीही बहुतेक जोडीची.

आणि हेडलाइटमध्ये ल्युमेन किती हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, उजेड कुठून निघतो.

बालाघाट_डायरी (बीड)
ताईंचं वाक्य पुढं नेतो, कारण सगळे इथंच गंडतात.

एच४ मध्ये दोन फिलामेंट असतात. लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि रस्त्यावर कटऑफची रेघ, म्हणजे उजेडाची ठळक वरची कड मिळते. फिलामेंटची जागा मिलिमीटरच्या अंशात ठरलेली. रिफ्लेक्टर त्या एका जागेसाठीच बनवलेला.

एलईडी बल्बात चिप्स पट्टीच्या दोन बाजूंना असतात. पट्टी जाड असली की दोन्हीकडचा उजेड खऱ्या केंद्रापासून सरकतो. वाटी नसली किंवा उथळ असली की कटऑफ पुसट. परिणाम असा की गाडीपुढं दहा मीटरवर पांढरंशुभ्र दिसतं, मन खूश होतं, डोळ्याची बाहुली आकसते आणि ५० मीटरवरचं काळं हॅलोजनपेक्षाही कमी दिसतं.

घ्यायचाच असेल तर एवढं बघा: पट्टी शक्य तितकी पातळ, लोच्या चिप्सखाली नीट वाटी, चिप्सची जागा जुन्या फिलामेंटच्या रेषेत (दोन्ही बल्ब शेजारी धरून कॉलरपासून मोजा), आणि कॉलर फिरवता येणारी, म्हणजे चिप्स घड्याळातल्या ३ आणि ९ कडं तोंड करून बसतील. १२ आणि ६ कडं बसल्या की बीमचं वाटोळं.

जर्मनीत २०२० नंतर काही मोजक्या एलईडी बल्बांना परवानगी मिळाली, तीही गाड्यांच्या ठराविक यादीपुरती. रिफ्लेक्टरगणिक तपासावं लागतं म्हणूनच.

एलईडी_लव्हर
मान्य, बल्ब पारखून घ्यावा लागतो. पण मग सात इंची पूर्ण युनिटला काय हरकत? त्यात लेन्स, चिप, रिफ्लेक्टर सगळं एकमेकांसाठीच बनवलेलं असतं.

बालाघाट_डायरी (बीड)
हरकत नाही. चांगलं युनिट हा या चारातला सगळ्यात दमदार पर्याय आहे. पण तीन गोष्टी दुकानातच तपासा.

पहिली, कटऑफची दिशा. आपण डावीकडून चालतो, म्हणून लो बीमची रेघ डावीकडं वर चढली पाहिजे, रस्त्याच्या कडेला. ऑनलाइन मिळणारी बरीच युनिट उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीची असतात. त्यांची रेघ उजवीकडं चढते, म्हणजे थेट समोरच्याच्या तोंडावर. हे स्क्रू फिरवून दुरुस्त होत नाही. दुकानात बारा व्होल्टच्या बॅटरीवर पेटवून भिंतीवर मारून बघा.

दुसरी, खोली. या युनिटला मागं ॲल्युमिनियमचे हीटसिंक असतात. क्लासिकच्या हेडलाइटच्या टोपीत कपलर आणि वायरीचा गुंता आधीच भरलेला. दाबून बसवलं तर वायर हीटसिंकला टेकते, नाहीतर रिंग पूर्ण बसत नाही आणि पाणी आत जातं. जुन्या रिफ्लेक्टरची मागची खोली आणि नव्याची खोली मोजून जा.

तिसरी, चेहरा. गोदाकाठची अट आहे ती. एक्स आकाराच्या पट्ट्या आणि लाल-निळी रिंग क्लासिकवर शोभत नाही, हे माझं मत. धाग्यात भांडण नको.

पैठणी_गिअर
भांडण तर होणारच. रिंग लावलेली क्लासिक म्हणजे धोतरावर गॉगल.

एस्डी_१९८४
तुम्ही १३.२ व्होल्टच्या गप्पा मारायलात. माझ्या जुन्या येझदीला सहाच व्होल्ट आहेत. काही सुचवा.

लोखंडी_मामा (जालना)
सहा व्होल्टला ३५ वॉट म्हणजे जवळपास सहा अँपिअर. तुमच्याकडं व्होल्टेज कमी आणि करंट जास्त, म्हणून अर्धा व्होल्ट वाटेत पडला तरी आठ टक्के गेले. तुम्हाला जाड वायर आणि स्वच्छ अर्थ याची गरज गोदाकाठपेक्षा दुप्पट. बारा व्होल्ट करायचं तर नुसता बल्ब बदलून भागत नाही: रेग्युलेटर, इग्निशन कॉइल, हॉर्न, सगळे बल्ब आणि बॅटरी बदलावी लागते. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं येतो.

इतरांसाठी एक सूचना. छोट्या गाड्यांत ३५/३५ वॉटचा एचएस१ असतो. दिसायला एच४ सारखाच, पण कॉलरचे कान वेगळे. लोक कान घासून एच४ कोंबतात. त्या गाडीचं चार्जिंग आणि प्लास्टिकचा रिफ्लेक्टर ३५ वॉटच्या हिशेबानं केलेला असतो. रिफ्लेक्टर वितळला की दोष बल्बला देऊ नका. आणि ज्या जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो तिथं एलईडी बल्ब फडफडतो, आधी डीसी करून घ्यावा लागतो.

मोसंबी_एक्स्प्रेस
समोरून येणाऱ्यांतर्फे एक तक्रार नोंदवतो. ज्यानं ज्यानं बल्ब वाढवला त्यातल्या कुणीही भिंतीवर बीम लावलेला नसतो. संध्याकाळी सातनंतर बीड बायपासला सगळे आभाळात मोर शोधायलेत.

काळी_माती (धाराशिव)
गोदाकाठ, फॉगचा विचार असेल तर कायद्याचं ऐका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १११ प्रमाणं नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढं स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. गाडीत मूळ रचनेबाहेरचा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. क्रॅशगार्डवरचे पांढरे ठिपके पोलिसाला लांबून दिसतात. ते पेटलेले नसले तरी.

तरी लावणारे लावतात, म्हणून तांत्रिक बाजू. जोडीचे मिळून ४० वॉट म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आसपास. वेगळा फ्यूज, वेगळा रिले, आणि रिलेचं ट्रिगर हाय बीमवरून. हँडलवर स्वतंत्र बटण दिलं की ते विसरलं जातं आणि मोसंबी_एक्स्प्रेसचे मोर सुरू होतात. हाय बीमवर बांधलं की डिपर मारताच दोन्ही विझतात.

धुळीचंही बघा. परळीच्या बाजूला राखेचे टिप्पर चालतात, काळ्या रानातल्या फुफाट्याचे रस्ते आहेत. निळसर पांढरा उजेड धुळीवरून जास्त डोळ्यात परत येतो. साडेचार-पाच हजार केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) वर जाऊ नका. साडेसहा हजाराचा बर्फासारखा पांढरा दुकानात छान दिसतो, रस्त्यावर नाही. आणि फॉग खाली लावायचे, हेडलाइटच्या रेषेच्या बरेच खाली. हँडलवर लावलेल्या फॉगचा उजेड धुळीवरून सरळ तुमच्याकडंच येतो.

गणित_सर (नांदेड)
एक हिशेब मांडतो, मग ठरवा किती उजेड हवा.

ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले. कोरड्या डांबरावर साधारण चांगला ब्रेक लागला (०.६ जी) तर अजून ४२ मीटर. एकूण ७५. ताशी ६० ला तोच हिशेब २५ अधिक २४, म्हणजे ४९ मीटर.

नीट लावलेल्या हॅलोजन लो बीममध्ये काळा, चमक नसलेला अडथळा ५०-६० मीटरवर दिसला तर नशीब. म्हणजे लो बीमवर ६० जमतं, ८० ला तुम्ही आंधळे पळवताय. समोरून कुणी नसेल तेव्हा हाय वापरा आणि वेळेत डिपर मारा. अर्धा रस्ता लोक हाय बीम वापरतच नाहीत, उरलेला अर्धा रस्ता लोवर येत नाहीत.

गोदाकाठ (परभणी)
सगळ्यांचं वाचलं. मीटर आणला. बॅटरीवर १३.९. बल्बच्या सॉकेटवर लोला १२.३. निळा दिवा पेटत नाही. आता?

वायरमन_ताई (लातूर)
१.६ व्होल्ट वाटेत गेले. आता ते कुठल्या बाजूनं जातात ते बघा. लाइट चालू ठेवून मीटरचा काळा प्रोब सॉकेटच्या अर्थ पिनेवर आणि दुसरा बॅटरीच्या मायनसवर. जे दिसेल ते अर्थच्या वाटेवरचं नुकसान. तसंच लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि काळा लोच्या पिनेवर. ते स्विचच्या बाजूचं.

गोदाकाठ (परभणी)
अर्थ बाजू ०.५, प्लस बाजू १.१.

वायरमन_ताई (लातूर)
म्हणजे रिले हवा आणि अर्थही नवी हवी. कृती लिहिते, सावकाश वाचा.

सामान: १२ व्होल्ट ३० अँपिअरचे चार पिनांचे रिले दोन, सॉकेटसकट. फ्यूज होल्डर दोन, १० अँपिअरचे फ्यूज. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची बारीक तारांची वायर, अर्थसाठी अडीच स्क्वेअर एमएम. सिरॅमिकचं एच४ सॉकेट एक. एच४ चा नर कपलर एक, जुन्या सॉकेटमध्ये खोचायला, म्हणजे मूळ वायर कुठंही कापायची नाही. श्रिंक स्लीव्ह, नालीदार पाइप, गोल लग. हे सगळं हजाराच्या आत बसतं.

जोडणी: रिलेच्या पिनांवर नंबर असतात. प्रत्येक रिलेचा ३० नंबर बॅटरीच्या प्लसला, आपापल्या फ्यूजमधून. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. त्याच्यापुढं वायर कुठंही घासली तरी फ्यूज उडेल, त्याच्या मागं घासली तर आग. ८७ नंबर नव्या सॉकेटच्या लोला, दुसऱ्या रिलेचा ८७ हायला. ८६ ला जुन्या सॉकेटमधला लोचा संकेत, दुसऱ्याच्या ८६ ला हायचा. दोन्ही ८५ अर्थला. डायोडवाला रिले असेल तर ८६ प्लसच हवा, उलटं केलं की डायोड जातो. नव्या सॉकेटची अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला, चेसिसला नाही.

अर्थ जाड का, तर काही गाड्यांत पासिंग मारलं (बटणानं क्षणभर हाय बीम दाखवला) की दोन्ही फिलामेंट एकदम पेटतात. ११५ वॉट, साडेनऊ अँपिअर, सगळे एकाच अर्थनं परत येतात.

फ्यूज दोन का, तर एक उडाला तरी दुसरा बीम राहतो. घाटात एकदम अंधार होत नाही.

कोणती पीन लो, कोणती हाय हे वायरीच्या रंगावरून ठरवू नका. मीटर लावून बघा, आधीच्या मिस्त्रीनं काय केलंय माहीत नसतं.

लोखंडी_मामा (जालना)
ताईंच्या यादीत माझी भर. रिलेच्या पिना खाली तोंड करून बसवा, पाणी साचत नाही. टाकीखाली फ्रेमला रबर घालून बांधा, बुलेटची धडधड रिलेचे कान सैल करते. हँडलच्या मानेजवळ वायरीला ढील ठेवा आणि बांधून झाल्यावर हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, लाइट चालू ठेवून. इन्सुलेशन टेप नको. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत तिचा गोंद वितळून वायर उघडी पडते. लग दाबून क्रिम्प करा, नुसतं पिळून टेप मारणाऱ्याला गाडी देऊ नका.

निळ्या_टाकीवाला
माझी २०२२ ची नवी क्लासिक आहे, ८ अँपिअर-अवरची बॅटरी. हेडलाइटला बटणच नाही, इंजिन चालू झालं की लागतो. रिले चालेल? वॉरंटी?

वायरमन_ताई (लातूर)
चालेल. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकीला हेडलाइट आपोआप चालू राहणं सक्तीचं आहे, म्हणून बटण नाही. ट्रिगर जुन्या सॉकेटमधूनच घ्या. मिस्त्री इग्निशनच्या वायरवरून घेतात, मग इंजिन बंद असताना नुसती चावी फिरवली तरी ५५ वॉट पेटतो आणि ८ ची बॅटरी लवकर बसते. रिले डायोडवालाच घ्या, इंजेक्शनच्या गाडीत कॉइलचा झटका वायरिंगमध्ये जायला नको. वॉरंटीसाठी नियम एकच: मूळ वायर कापायची नाही. पण आधी मोजा. नव्या गाडीत पाव-अर्धा व्होल्टच पडत असेल तर रिलेनं काही मिळणार नाही. २०२४ पासून क्लासिकला कंपनीतूनच एलईडी येतो, ते वाचून ही गाडी विकू नका.

एलईडी_लव्हर
शंका विचारतो, टोमणा नाही. रिलेनंतर बल्बला १३.६ मिळाले तर आयुष्य घटणार नाही?

वायरमन_ताई (लातूर)
घटेल. व्होल्टेज पाच टक्के जास्त झालं की हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. १३.६ म्हणजे चाचणीच्या १३.२ पेक्षा तीन टक्केच वर, चालतं. म्हणूनच रेग्युलेटर आधी तपासायला सांगितलं. जादा उजेडाचे ६०/५५ बल्ब मिळतात, ऑसरामचा नाइट ब्रेकर, फिलिप्सचा एक्स्ट्रीम व्हिजन. वॉट तेवढेच, फिलामेंट जास्त तापवलेलं. त्यांचं आयुष्य मुळातच कमी. बुलेटच्या थरथराटात तर अजून. मोटरसायकलसाठी वेगळे मिळतात, ऑसरामचा नाइट रेसर त्यातला. एक जादा बल्ब डिक्कीत ठेवा. काचेला बोट लावायचं नाही, तेलाचा डाग राहिला तर तिथं काच तापून फुटते.

गोदाकाठ (परभणी)
झालं. बल्ब जुनाच ठेवला. सॉकेटवर आता १३.६. आधी १२.३ होतं, ताईंच्या ३.४ च्या हिशेबानं चाळीस टक्के वाढ. डोळ्यालाही तेवढीच वाटतेय. आयडलला अजून किंचित मंदावतो, पण पेंगत नाही. आता भिंतीचं सांगा.

बालाघाट_डायरी (बीड)
सपाट जागा, दहा मीटरवर भिंत. दोन्ही टायरची हवा बरोबर. गाडी स्टँडवर नाही, तुम्ही वर बसलेले. रोज मागं माणूस असतो तर त्यालाही बसवा, कारण मागचा शॉकअप दबला की नाक वर जातं.

हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा, समजा ९५ सेंटिमीटर. भिंतीवर ९५ ला एक रेघ, तिच्या खाली १० ते १५ सेंटिमीटरवर दुसरी. लो बीमची वरची कड दुसऱ्या रेघेवर आणा. १० खाली ठेवलं तर बीम ९५ मीटरवर जमिनीला टेकतो, १५ खाली ठेवलं तर ६३ मीटरवर. खड्ड्यांचा रस्ता आणि मागं वजन असेल तर १५ कडं झुका. डावीकडं रेघ वर चढलेली दिसली पाहिजे. हाय बीमचा गाभा आपोआप पहिल्या रेघेच्या आसपास येतो, तो वेगळा लावायचा नाही.

मोसंबी_एक्स्प्रेस
हे वरचं उत्तर दर पेट्रोल पंपावर चिकटवा.

मोंढा_नाका
मी पण मोजलं. बॅटरीवर १३.८, सॉकेटवर ११.९. त्यात १००/९० जळतोय. काही बोलू नका.

लोखंडी_मामा (जालना)
बोलत नाही. सॉकेट काढून मागून बघ, तपकिरी झालंय का.

मोंढा_नाका
झालंय.

काळी_माती (धाराशिव)
गोदाकाठ, एक राहिलं. रिफ्लेक्टर आतून बघा. आठ वर्षांच्या गाडीत मुलामा धुरकट झालेला असू शकतो. असेल तर काच-रिफ्लेक्टर एकत्रच बदला, फडक्यानं पुसू नका. तो थर इतका पातळ असतो की फडक्यासोबत निघून येतो. आणि नवं सॉकेट बसवताना बल्बमागचं रबराचं बूट नीट ओठ दाबून बसलंय ना? सिरॅमिक सॉकेट थोडं लांब असतं, बूट अर्धवट राहतं, मग आषाढात आत वाफ आणि चैत्रात फुफाटा.

गोदाकाठ (परभणी)
बूट बसलंय. रिफ्लेक्टर वरच्या बाजूला बल्बच्या माथ्यावर थोडा धुरकट आहे. म्हणजे लोचाच भाग ना तो?

बालाघाट_डायरी (बीड)
लोचाच. वाटीमुळं लोचा सगळा उजेड वरच्या अर्ध्यावरच पडतो. रिफ्लेक्टर बदला, त्यानंतर परत भिंतीवर लावा, सेटिंग हललेलं असणार. तीन हजारांतले अजून बरेच शिल्लक असतील.

कडबाकुट्टी
उरलेल्या पैशात लाल रेडियमचा रोल घ्या आणि केजच्या पुढं जी पहिली ऊसगाडी उभी दिसेल तिच्या मागं फाळक्यावर दोन पट्टे मारा. हे गमतीत नाही म्हणालो. धुळीवर चिकटत नाही, आधी ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून मगच लावा.